कचेरीच्या दारातला पेहराव : उष्ण कटिबंधातील देशांचा एक अभ्यास

आपल्या शाळेत पेहरावाचे नियम पाठ असतात. पीटीला वेगळा गणवेश, परेडला वेगळा, रात्रीच्या जेवणाला वेगळा आणि आउटपासवर जाताना मुफ्ती. कोणत्या वेळी काय घालायचे हे फलकावर लिहिलेले असते, त्यामुळे प्रश्न पडत नाही. पण समजा, आपण परक्या देशात आहोत. बाहेर ऊन मी म्हणते आहे, हवेत दमटपणा इतका की शर्ट पाठीला चिकटला आहे, आणि आपल्याला तिथल्या सरकारी कार्यालयात व्हिसाची मुदत वाढवायला जायचे आहे. तिथे काय घालून जावे? आणि तिथला पहारेकरी 'या कपड्यांत आत सोडणार नाही' असे म्हणाला, तर तो बरोबर की चूक? या लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

१. उष्ण कटिबंध आणि शरीर

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला, म्हणजे सुमारे २३.५ अंश उत्तर ते २३.५ अंश दक्षिण अक्षांशांमधला पट्टा म्हणजे उष्ण कटिबंध. फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि मलेशिया हे देश पूर्णपणे या पट्ट्यात येतात. आपण बहुतेक वेळा विसरतो, पण संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवाही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. म्हणजे हा विषय केवळ परक्यांचा नाही.

उन्हात आपले शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घामाने. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. पण घाम नुसता ओघळून गेला तर उपयोग नाही, त्याची वाफ व्हायला हवी. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर वाफ हळू होते. म्हणून मनिला किंवा जकार्तामध्ये ३२ अंश तापमान दिल्लीतल्या कोरड्या ३२ अंशांपेक्षा जास्त त्रासदायक वाटते. अशा ठिकाणी सैल, पातळ आणि हवा खेळती ठेवणारे कपडे ही चैन नसून शरीराची गरज आहे.

इथेच पेच सुरू होतो. उकाड्याला सोयीचे कपडे म्हणजे अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा बनियन आणि पायात स्लिपर. परदेशी पर्यटक हाच वेष घालून फिरतो. पण सरकारी कार्यालयाच्या दारावर नेमक्या याच तीन वस्तूंना मनाई असते.

२. मनिलाच्या दारावरची पाटी

फिलिपिन्सच्या ब्युरो ऑफ इमिग्रेशनचे मुख्य कार्यालय मनिलाच्या इंत्रामुरोस भागात आहे. इंत्रामुरोस म्हणजे स्पॅनिश काळातले तटबंदीच्या आतले जुने शहर. या खात्याच्या कार्यालयांत आणि देशातल्या इतर अनेक सरकारी कार्यालयांत शॉर्ट्स, सँडो आणि स्लिपर घालून येऊ नये, असा नियम आहे.

परदेशी माणसाचे या कार्यालयावाचून चालत नाही. पर्यटक म्हणून ५९ दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल, तर ओळखपत्र काढावे लागते आणि त्यासाठी फोटो व बोटांचे ठसे द्यावे लागतात. नोंदणी झालेल्या परदेशी व्यक्तींना, १९५० च्या कायद्यानुसार, दरवर्षी पहिल्या ६० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. आपल्या देशातली बरीच मुले-मुली वैद्यकीय शिक्षणासाठी दावाव आणि इतर शहरांत जातात. त्यांत मराठी विद्यार्थीही असतात. म्हणजे ही पाटी आपल्यापैकी कुणाच्या तरी मोठ्या भावाला किंवा बहिणीला रोजच्या व्यवहारात लागू पडणारी आहे.

त्या पाटीवरचा 'सँडो' हा शब्द वाचून आपल्याला हसू येईल, कारण तो आपलाच वाटतो. युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला प्रसिद्ध बलभीम होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने भारताचाही दौरा केला होता. त्याच्या नावावरून आपल्याकडे 'सँडो बनियन' हा शब्द रूढ झाला, आणि फिलिपिन्समध्येही बिनबाह्यांच्या बनियनला सँडोच म्हणतात. स्लिपरला तिथे 'त्सिनेलास' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश भाषेतून आला.

मग या वस्तूंवरच बंदी का? कारण त्या देशांत सँडो हा आत घालायचा कपडा आहे, त्सिनेलास घरात आणि वाडीत वापरायचे आहेत आणि शॉर्ट्स खेळायच्या आहेत. आपल्याकडेही बनियन घालून कुणी तहसील कार्यालयात गेले, तर लोक वळून बघतील. पर्यटकाला जो 'उन्हाळी वेष' वाटतो तो यजमानाला 'घरचा वेष' वाटतो. भांडण कापडाच्या लांबीचे नाही. एकाच कपड्याचे दोन देशांत दोन अर्थ होतात, हे खरे कारण आहे.

३. इंडोनेशिया : उकाड्यातही नीटनेटके

इंडोनेशियातही इमिग्रेशन कार्यालयात नीटनेटक्या, सभ्य पोशाखात यावे अशी अपेक्षा असते. तिथल्या सूचनांत 'चेलाना पेंडेक' म्हणजे अर्धी चड्डी आणि 'संदाल जपित' म्हणजे अंगठ्यात अडकवायची स्लिपर यांना मनाई आढळते. 'जपित' म्हणजे चिमटीत धरणे, त्यावरून हे नाव.

बाली बेटावर तर पर्यटकांच्या वागणुकीचा प्रश्न इतका वाढला, की तिथले गव्हर्नर वायान कोस्तर यांनी २०२३ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी काय करावे आणि काय करू नये याचे परिपत्रक काढले. मंदिरे, पर्यटनस्थळे आणि सार्वजनिक जागी सभ्य व योग्य कपडे घालावेत, असे त्यात सांगितले आहे. याचा अर्थ बालीत समुद्रकिनाऱ्यावर कुणी पोहण्याचे कपडे घालू नयेत असा नाही. किनाऱ्याचा वेष किनाऱ्यावर ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

४. टायशिवायही रुबाब असतो

इथे कुणी म्हणेल, 'मग उकाड्यात काय कोट-टाय घालायचा?' याचे उत्तर या देशांनी स्वतःच शोधले आहे, आणि मला या अभ्यासातला हा भाग सर्वांत आवडला.

वसाहतीच्या काळात युरोपातले अधिकारी आपल्या थंड देशातले कपडे घेऊन इथे आले. औपचारिक म्हणजे कोट, कडक कॉलर आणि टाय, असे समीकरण त्यांनी रुजवले. स्वातंत्र्यानंतर अनेक देशांनी ते बदलले. फिलिपिन्समध्ये 'बारोंग तागालोग' नावाचा पूर्ण बाह्यांचा, पातळ, भरतकाम केलेला सदरा असतो. तो पॅंटमध्ये खोचत नाहीत, बाहेर सोडतात. उत्तम बारोंग अननसाच्या पानांच्या तंतूंपासून विणलेल्या कापडाचा असतो. या विणकामाच्या आक्लान प्रांतातील परंपरेला युनेस्कोने २०२३ मध्ये आपल्या वारसा यादीत स्थान दिले. रामोन मागसायसाय यांनी ३० डिसेंबर १९५३ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ बारोंग घालून घेतली. आपल्या अनेक मान्यवरांना मिळालेला मॅगसेसे पुरस्कार त्यांच्याच नावाचा. पुढे १९७५ मध्ये सरकारने बारोंग सप्ताह जाहीर केला आणि या सदऱ्याला राष्ट्रीय पोशाख म्हणून पुढे आणले.

इंडोनेशियात हेच काम बाटिकने केले. बाटिक म्हणजे मेण लावून रंगवलेले नक्षीदार कापड. जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांच्या काळात पूर्ण बाह्यांचा बाटिक शर्ट औपचारिक पोशाख म्हणून मान्य झाला. २ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोने बाटिकला वारसा म्हणून मान्यता दिली, आणि तो दिवस तिथे राष्ट्रीय बाटिक दिन म्हणून पाळतात. १९९४ मध्ये इंडोनेशियातील बोगोर येथे आणि १९९६ मध्ये फिलिपिन्समधील सुबिक येथे एपेक देशांच्या नेत्यांची परिषद झाली. पहिल्या वेळी सर्व पाहुण्या नेत्यांनी बाटिक घातले आणि दुसऱ्या वेळी बारोंग. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जर यजमानाचा सदरा घालू शकतात, तर साधा पर्यटक निदान पूर्ण पॅंट घालू शकतो!

आपल्या देशातही असे बदल होत आहेत. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या. कार्यालयात स्लिपर घालू नये असे त्यात होते, आणि शुक्रवारी खादी वापरावी असेही होते. भारतीय नौदलाने २०२४ मध्ये अधिकाऱ्यांना मेसमध्ये कुर्ता-पायजमा घालण्याची मुभा दिली. पण मुभा म्हणजे मोकळीक नव्हे. कुर्ता एकरंगी हवा, त्यावर बिनबाह्यांचे जाकीट हवे आणि पायात औपचारिक बूट किंवा सँडल हवेत. शिस्त तशीच राहिली, फक्त कापड आपल्या हवामानाचे झाले.

उलट उदाहरणही आहे. केनियाच्या संसदेत नोव्हेंबर २०२३ मध्ये सभापतींनी कौंडा सूटला मनाई केली. कौंडा सूट म्हणजे झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या नावाने ओळखला जाणारा, टाय न लावता घालायचा सूट. केनियातून विषुववृत्त जाते, तरी तिथे कोट-टाय चालतो, कारण नैरोबी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा थंड असते. म्हणून नकाशावरचा अक्षांश पाहून कपडे ठरवू नयेत, उंचीही पाहावी.

५. मंडालेचे बूट आणि रत्नागिरीचा राजा

पेहरावाचा नियम किती महाग पडू शकतो याचे एक उदाहरण इतिहासात आहे, आणि त्याचा शेवट आपल्या कोकणात झाला.

ब्रह्मदेशाच्या राजासमोर जाताना पादत्राणे काढून, पाय मागे घेऊन जमिनीवर बसण्याची रीत होती. परदेशी वकिलांनाही ती पाळावी लागे. ब्रिटिश वकील बरीच वर्षे ती कुरकुर करत पाळत होते. १८७५ मध्ये सर डग्लस फोर्सिथ हे वकील म्हणून मंडालेला गेले, तेव्हा त्यांनीही बूट काढले. ते परतल्यावर भारतातील ब्रिटिश सरकारने ठरवले, की यापुढे आपला प्रतिनिधी राजासमोर बूट काढणार नाही. मिंडोन राजाला हा आपल्या दरबाराचा अपमान वाटला, आणि त्याने माघार घेतली नाही. परिणाम असा झाला, की मंडालेत राहणाऱ्या ब्रिटिश रेसिडेंटला राजाची भेट मिळणे बंद झाले.

बुटांमुळे युद्ध झाले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. युद्धाची मोठी कारणे वेगळी होती. फ्रेंचांचा वाढता प्रभाव हे एक, आणि सागाच्या लाकडावरून बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनशी झालेला वाद हे दुसरे. पण दोन्ही बाजूंना समोरासमोर बसून बोलण्याची जी जागा होती, ती बुटांच्या वादात गेली. १८७८ मध्ये थिबा राजा गादीवर आला, १८७९ मध्ये ब्रिटिशांनी मंडालेतून आपला प्रतिनिधी काढून घेतला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध झाले. ते दोन-तीन आठवड्यांतच संपले. राजाला कैद करून आधी मद्रासला आणि नंतर १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. १९१६ मध्ये त्याचे तिथेच निधन झाले. रत्नागिरीचा थिबा पॅलेस अनेकांनी सहलीत पाहिला असेल. तो पाहताना बुटांची ही गोष्टही आठवावी.

या प्रकरणात चूक कुणाची? माझ्या मते, आपण दुसऱ्याच्या घरी गेलो आहोत हे ब्रिटिश सरकार विसरले. स्वतःच्या राणीसमोर वाकायला त्यांना कमीपणा वाटत नव्हता, पण दुसऱ्याच्या राजासमोर बूट काढायला वाटला. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर राजानेही काही मधला मार्ग काढला असता तर बोलणी चालू राहिली असती. दोघांनीही नियमाला मानाचा प्रश्न केला, आणि ज्या कामासाठी भेट घ्यायची ते काम मागे राहिले.

६. नियम चुकतो तेव्हा

वरील उदाहरणांवरून 'नियम म्हणजे नियम, पाळलाच पाहिजे' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हा कॅडेटांना तर ते पटकन पटते. पण दोन घटना विचार करायला लावतात.

पहिली मलेशियातली. २०२३ च्या सुरुवातीला क्वालालंपूरजवळच्या काजांग येथे एक महिला अपघाताची तक्रार द्यायला पोलिसांकडे गेली. तिच्या शॉर्ट्स आखूड आहेत म्हणून तिला आत सोडले नाही. देशभर यावर टीका झाली. अपघात झालेला माणूस घरी जाऊन कपडे बदलून येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरी आपल्या देशातली. जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना प्रवेश नाकारला, कारण त्यांनी वेष्टी, म्हणजे दाक्षिणात्य पद्धतीचे धोतर नेसले होते. स्वतःच्या मातीतला पोशाख स्वतःच्याच शहरात अयोग्य ठरला! तामिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशा बंदीला मनाई केली. नियम मोडणाऱ्या क्लबचा परवाना रद्द करण्याची तरतूदही त्यात आहे.

पहिल्या घटनेत नियमाने माणसाची निकड पाहिली नाही. दुसऱ्या घटनेतला नियम तर गोऱ्या साहेबाच्या काळातून तसाच चालत आला होता आणि तो का आहे हे कुणी विचारलेच नव्हते.

७. चांगल्या नियमाच्या चार कसोट्या

या सर्व उदाहरणांवरून पेहरावाचा नियम योग्य आहे की नाही हे तपासायला मी चार कसोट्या मांडत आहे.

पहिली, तो आधी कळतो का? दारावर आणि कार्यालयाच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेला नियम न्याय्य. पहारेकऱ्याच्या मर्जीवर चालणारा नियम अन्यायाचा.

दुसरी, तो हवामानाला आणि खिशाला झेपतो का? पूर्ण पॅंट, बाह्यांचा शर्ट आणि साधे बूट ही मागणी बहुतेकांना झेपते. मे महिन्यात कोट मागणे झेपत नाही. आणि ज्याच्याकडे स्लिपरशिवाय दुसरे पादत्राणच नाही, अशा गरीब माणसाला दारातून परत पाठवणेही बरोबर नाही.

तिसरी, तो सर्वांना सारखा आहे का? परदेशी आणि स्थानिक, स्त्री आणि पुरुष, श्रीमंत आणि गरीब यांना एकच माप हवे.

चौथी, अडचणीच्या वेळी तो बाजूला ठेवता येतो का? अपघात, आजारपण, चोरी अशा वेळी आधी माणूस आणि मग कपडे.

मनिलाची पाटी पहिल्या कसोटीला उतरते. परदेशी पर्यटकाच्या बाबतीत दुसरीलाही उतरते, कारण विमानाचे तिकीट काढणाऱ्याकडे एक पॅंट नक्कीच असते. काजांगचा प्रसंग चौथ्या कसोटीला उतरत नाही आणि चेन्नईचा क्लब दुसऱ्या कसोटीला उतरत नाही.

८. प्रवाशासाठी थोडक्यात

परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने हातातल्या बॅगेत एक 'कचेरीचा जोड' ठेवावा : सुती किंवा लिननची पूर्ण पॅंट, कॉलर आणि बाह्या असलेला फिक्या रंगाचा शर्ट आणि पुढून बंद असलेले बूट. मुलींना सलवार-कमीज किंवा पूर्ण पॅंट आणि बाह्यांचा कुर्ता चालतो. तो सभ्यही दिसतो आणि उकाड्यातही सुखाचा असतो. कार्यालयात जाण्याआधी तिथली सूचना वाचावी किंवा स्थानिक माणसाला विचारावे. दारात अडवले तर आवाज चढवू नये, काय चालेल ते विचारावे. पहारेकरी नियम बनवत नाही, तो फक्त राखतो. आपण गेटवर ड्यूटी करतो तेव्हा आपलीही हीच स्थिती असते.

इन्स्पेक्शनच्या वेळी बटणापासून बुटापर्यंत सर्व पाहिले जाते. समोरच्याला मान देण्याची सवय लागावी म्हणून ते असते. तोच मान परदेशात यजमानाच्या पद्धतीने द्यावा लागतो. आणि उद्या आपण अधिकारी होऊन एखाद्या कार्यालयाच्या आत बसू, तेव्हा दारात उभ्या असलेल्या माणसाचे कपडे पाहण्याआधी त्याचे काम काय आहे ते विचारावे लागेल.

स्वाध्याय

१. नकाशात मनिला, जकार्ता, मंडाले, नैरोबी आणि रत्नागिरी दाखवा. यांपैकी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेली शहरे कोणती?

२. दमट हवेत घामाची वाफ हळू का होते ते विज्ञानाच्या पुस्तकाच्या आधारे लिहा.

३. मिंडोन राजा आणि ब्रिटिश सरकार यांच्यात मध्यस्थ म्हणून तुम्हाला पाठवले असते, तर बुटांच्या वादावर कोणता तोडगा सुचवला असता?

४. आपल्या शाळेत येणाऱ्या पालकांसाठी पेहरावाची एक सूचना तयार करा आणि ती वरील चार कसोट्यांवर तपासा.